भोंग्यापासून भोंग्यापर्यंत

चिडण्यासाठीच ज्याला देवाने जन्माला घातले असा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहत होता. गिरणीत मागांवर देखरेख करणारा जॉबर होता. उन्हावर चिडायचा, आभाळ आले तर आभाळावर चिडायचा. चहा गार म्हणून चिडला, आणि बायकोने गरम करून आणला तेव्हा तोंड भाजले म्हणून पुन्हा चिडला. त्यात वीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेल्याने हळू बोलणे त्याला ठाऊकच नव्हते. "कुनाला सांगू नका बरं का," असे तो माझ्या कानाशी म्हणाला की तिसऱ्या घरातली म्हातारी खिडकीतून विचारी, "काय सांगू नका म्हनतोय त्यो?" एके काळी तो अट्टल पिणारा होता. सोडली तीही चिडूनच. गुत्तेवाला एकदा कौतुकाने म्हणाला, "पावनं, तुमी आल्याबिगर दुकान उगडल्यासारकं वाटत न्हाय." त्याचा असा राग आला की गडी पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही.

माझा धाकटा भाऊ वामन तेव्हा दारूत पुरता बुडाला होता. त्याची बायको लेकीला घेऊन मैंदर्गीला माहेरी गेली होती, आणि "सहा महिने शुद्धीत राहिलात तरच न्यायला या" असा तिचा निरोप होता. मी कचेरीतला कारकून. अब्रू जाईल म्हणून वामनला खोकला आहे, असे मी चारचौघांत सांगत असे. शेवटी त्याला दारूबंदीच्या एका सभेला नेले. परीटघडीचे धोतर नेसलेले एक वकील दारुड्यांना डुकरांच्या पंक्तीला बसवत होते, टाळ्या पडत होत्या आणि वामनची मान खाली खाली जात होती. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझे डोके तडकते. तेवढ्यात मागून जॉबर गरजला, "वकीलसाब, तुमी कदी सोडली?"

"मी कधी घेतलीच नाही," वकील अभिमानाने म्हणाले.

"मग सोडायचं आमाला काय शिकवता? ऊट वामन्या! सांजचा भोंगा झाला की तालमीमागच्या हिरीवर ये. तितं समदे आपल्यासारके दारुडेच हायेत!"

सगळी सभा वळून आमच्याकडे बघू लागली. वामनचा खोकला त्या दिवशी बरा झाला.

संध्याकाळी गिरणी सुटली की माणसे जथ्याने गुत्त्याकडे वळत. नेमक्या त्याच घटकेला जॉबर दहा-बारा जणांना विहिरीच्या कट्ट्यावर बसवून पुढ्यात भाजक्या शेंगा ओतत असे. आज पाय कुठे वळत होता ते ज्याने त्याने सांगायचे, आणि उद्याच्या भोंग्यापर्यंत पिणार नाही, एवढेच बोलायचे. एकाने जन्मभराची शपथ घेतली तर त्याच्या अंगावर धावून गेला. "जल्म कुनी बगितलाय? उद्यापतूर बोल!" मीही कट्ट्यावर टेकलो, तर मलाच हाकलले. "भाऊसाब, तुमी घरला जावा. थोरला भाऊ बसल्याव ह्यो खरं बोलंल व्हय?" मी पेटलो. आणणारा मी, लाज सोसणारा मी, आणि घरी जायचे तेही मीच! आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळले नाही, कारण तो एकटाच दोघांचे बोलत होता.

चार महिने वामन चोख राहिला. पाचव्या महिन्यात दसऱ्याला सोने द्यायला म्हणून गेला आणि झोकांड्या खात आला. मी त्याला मानगुटीला धरून विहिरीवर ओढत नेले. वाटेत म्हणालो, "मरत का नाहीस एकदाचा? आम्ही तरी सुटू." खरे सांगतो, जॉबरने त्याला सोलून काढावे अशीच माझी इच्छा होती. पण चहावर चिडणारा तो माणूस जरा सरकला आणि कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "आलास न्हवं? बस."

"एवढंच?" मी ओरडलो. "चार महिने पाण्यात गेले!"

"पान्यात कसं जातील? त्यानं काडलं की ते. आता पुन्ना उद्यापतूर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात आला. "भाऊसाब, वाटंत त्याला जे बोलला ते मागं घ्या. दारूचं त्यो काय बी बोलंना, तेवडंच सांगत बसला." पिणार त्याने आणि माफी मी मागायची? मी दार लावून घेतले.

वामन पुन्हा भोंग्यापासून भोंग्यापर्यंत चालत राहिला. पुढच्या चैत्रात तो मैंदर्गीला जाऊन बायकोला आणि लेकीला घेऊन आला. त्याच सुमारास नजर गेल्यामुळे जॉबरचे गिरणीतले काम सुटले आणि तो दुधनीकडे आपल्या गावी निघाला. आम्ही दोघे भाऊ स्टेशनवर गेलो. हमालावर चिडून, डब्यातल्या गर्दीवर चिडून झाल्यावर गाडी हलली. तेव्हा त्याने खिडकीतून तोंड काढले आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असे विचारले, "भाऊसाब, मागं घेतो म्हनून बोलला का न्हाय त्याला?"

वामन माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतात ते, दादा?"

"काही नाही," मी म्हणालो.

जॉबर वारल्याचे पुढे दोन वर्षांनी कळले. वामन ढसाढसा रडला. तो आता रोज माझ्या समोरच्या पाटावर जेवायला बसतो, लेकीच्या गमती सांगतो, मला आग्रहाने वाढतो. आणि मी अजून बोललेलो नाही.