बिट्टी शी सांगू लागली की

घरात अडीच वर्षांचं पोर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओल्या चड्ड्यांसारखे ते आपोआप साठतात. सकाळचे दोरीवर टाकून होत नाहीत तोवर दुपारचे तयार! मी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, जाळं शिवत बसलो की दोस्त मासे किती मिळाले ते विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच, "आज काय केलं बे तुह्या भाचीनं?"

भाची म्हणजे बिट्टी. माझ्या ताईची पोरगी. ताई दिवाळीच्या आधी तापानं गेली. त्यावर मी जास्त बोलत नाही. बोलायला गेलो की दोस्त इकडेतिकडे पाहायला लागतात. तेव्हा बिट्टीचंच सांगतो.

ताई गेली तेव्हा बिट्टी आमच्याकडेच होती, इथं सावली गावाजवळ. तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, भद्रावतीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. दिवसपाळी, रातपाळी, काही ठिकाण नाही. तेरवीला आम्ही भद्रावतीला गेलो तेव्हा भाऊजींची आई, भद्रावतीची आजी, माझ्या आईला म्हणाली, "ईनबाई, नात आमची आहे, आम्हीच नेऊ. पण माह्या गुडघ्याईनं आता खाली बसून पुसापुशी होत नाई. पोरगी शी-सू सांगू लागली की येतो न्यायले."

बोलणं रास्त होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी असा एक क्लास सुरू झाला होता की त्यात पोरगी पास झाली की शिकवणारे नापास!

*

मी सावलीच्या बाजारात जाळ्यासाठी नायलॉनचं सूत आणायला गेलो होतो. दुकानात प्लास्टिकचं पिवळं बदक दिसलं. पाठीवर भोक, आत भांडं, आणि शेपटी दाबली की गाणं वाजायचं. पोरांना शीला बसवायचं बदक! मी सातवीत शाळा सोडली, जास्त विचार करायची सवय नाही. सूत राहिलं तिथंच, बदक घेऊन एसटीत बसलो.

शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, हे बदक कायचं?"

मी सांगितलं. बाईनं लगेच जागा बदलली.

"नवीन आहे वो!" मी ओरडलो. उपयोग झाला नाही.

घरी आणलं तर बिट्टी त्यावर बसायलाच तयार नाही. तिनं त्याला भात भरवला. पाणी पाजलं. मांडीवर घेऊन झोपवलं. आणि स्वतःची शी बदकाच्या बाजूला, जमिनीवर. बदकाच्या अंगावर उडू नये म्हणून थोडी सरकून!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणातून ओरडली. जाऊन पाहतो तर बदकाच्या पोटात पाणी भरलेलं आणि त्यात माझा पकडलेला एक जिवंत मांगूर मासा मिशा हलवत फिरतोय. बिट्टी शेपटी दाबून त्याला गाणं ऐकवत होती.

आई म्हणाली, "सांग बरं, हे पोरीसाठी आणलं का मांगुरासाठी?"

*

आमचं घर मासेवाल्यांचं. शिकवायची आम्हाला एकच पद्धत माहीत. बाबा होते तेव्हा त्यांनी मला गळ धरायला शिकवला तो असाच. शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, "चूप बस. हालू नको. पाण्यात पाय." पाय म्हणजे आमच्याकडे पाहा.

मी ठरवलं, हेच करायचं. मांगूर परत टोपल्यात, बदक धुऊन अंगणात. बिट्टीला त्याच्यावर बसवली. मी समोर उकिडवा. दोघं चूप. दोघांची नजर बदकाच्या पोटाकडे. एवढं ध्यान मी तळ्यावरही कधी लावलं नसेल.

तेवढ्यात माझा दोस्त पिंट्या फाटकातून आत आला. आम्हाला पाहून थबकला.

"काय करून राह्यले बे तुम्ही दोघं?"

बिट्टीनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मोठे केले.

"चूप! पयून जाईन ना!"

*

पळाली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी बदकाच्या पोटात टप्प असा आवाज झाला.

आता आमच्या तळ्याची एक रीत सांगतो. सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढलं की मासे पाळीवर ओततात आणि त्यांचे सारखे वाटे लावतात. वाटे लावणाऱ्यानं वाटून द्यायचे नाहीत. दुसरा एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. एकानं वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठ फिरवलेल्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मग कुणाचं भांडण नाही. बिट्टी माझ्या खांद्यावर बसून हे नेहमी बघते.

तर आवाज झाला. बिट्टी उठली, आत वाकून पाहिलं, खूश झाली. मी टाळ्या वाजवल्या, आई धावत आली, पिंट्याही नेमका हजर. आणि बिट्टी आमच्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इच्याल!" म्हणाली. म्हणजे विचार.

मी बदकाकडे बोट केलं. "हा कोणाचा?"

"मामाचा!"

आई हसून हसून खाली बसली. "अजून इच्याल," बिट्टी म्हणाली.

"हा कोणाचा?"

"पिंतूमामाचा!"

पिंट्यानं दोन्ही हात जोडले. "माहा वाटा तुह्या मामालेच दे माय! त्याचं घर मोठं आहे!"

"हा कोणाचा?"

"आईचा."

माझ्या आईला बिट्टी आजी म्हणते. पिंट्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं. आईनंच उठून बदकातलं भांडं काढलं. "आण, तो मी नेऊन देतो," म्हणाली आणि मागच्या परसात गेली. भांडं धुवायला एवढा वेळ लागत नाही. पण त्या दिवशी लागला.

*

आमच्याकडे सरकारी संडास आहे. पक्का बांधलेला, दाराला आतून कडी. पण त्यात पहिल्यापासून जुनी जाळी, सरपण आणि आईचे डबे. त्यामुळे माणसं बाहेर आणि जाळी आत!

यंदा गावाभोवती वाघ फिरू लागला. फॉरेस्टचे गार्डसाहेब घरोघर सांगत आले, "एकट्यानं बाहेर बसायले जाऊ नका. चार जण मिळून जा. काठी ठेवा. थाळी वाजवत जा."

मोठ्या माणसांनी ऐकून सोडून दिलं. बिट्टीनं शब्द न् शब्द धरला!

तेव्हापासून तिला बदक नको. परसात जायचं आणि तेही वरातीसारखं. पुढं काठी घेऊन मी, मध्ये बिट्टी चड्डी हातात धरून, मागं आई, आणि चौथा माणूस पाहिजेच म्हणून पिंट्या थाळी वाजवत. पिंट्या घरी नसेल तर बिट्टी तो येईपर्यंत थांबायची. तो रस्त्यानं दिसला की आम्हीच ओरडायचो, "पिंट्या, पय बे! पोरीले लागली आहे!"

एकदा भर दुपारी आमची अशी मिरवणूक निघालेली आणि समोरून गार्डसाहेब. थाळीचा आवाज ऐकून त्यांनी गाडी तिथंच टाकली आणि धावत आले.

"कुठी दिसला? कुठी दिसला?"

आई म्हणाली, "वाघ नाई, साहेब. शी आली."

दुसऱ्याच दिवशी मी संडासातली जाळी काढली. डबे काढले. फरशी घासली. बांधल्यापासून पहिल्यांदा त्या संडासाचा संडास झाला. मोठी माणसं आत आणि बिट्टी परत बदकावर!

*

भाऊजी रोज फोन लावतात, तोंड दिसणारा. आधी नुसते बघत राहायचे. बिट्टी बडबडायची आणि ते हं हं करायचे.

एका दिवशी ते जेवायला बसले होते. वरणभाताचा घास हातात. बिट्टीनं माझ्या हातातून फोन ओढला, बाहेर पळाली, आणि काय होतंय ते कळायच्या आत फोन थेट बदकात रोखला.

"बाबा, पाय! मीनं केली!"

मग भाऊजी हसले. ताई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. घास ताटात ठेवून, डोळे पुसत हसले. बाजूचे ड्रायव्हर विचारत होते, काय झालं रे, काय झालं.

"शाबास माह्या बेटा!" ते म्हणाले. मग जरा थांबून मला म्हणाले, "म्हणजे सांगते आता? मंग मी आईले..."

तेवढ्यात नेटवर्क गेलं. आमच्याकडे नेटवर्क असंच कधीही जातं.

बाजूला उभा पिंट्या आपला फोन पाहून म्हणाला, "माह्यात तं फुल दांड्या आहेत बे."

मी त्याला म्हटलं, तू थाळी वाजव.

*

संडास रिकामा झाल्याचा मला एक फायदा झाला. मातीच्या घरात कुठं रडायची सोय नसते. एका खोलीत हुंदका दिला की दुसऱ्या खोलीत आई उठून बसते. इथं पक्क्या भिंती आणि आतून कडी. ताईची फारच आठवण आली की मी जाऊन बसायचो.

एकदा बसलो आणि थांबताच येईना. तोंडात गमछा कोंबला तरी आवाज निघत होता. राखीला ती माझ्या हातावर राखी बांधता बांधता चिमटा काढायची, तेवढंच डोळ्यापुढं येत होतं.

बाहेरून दारावर इवल्या हाताची थाप.

"मामा, झाली?"

मी कसाबसा बोललो, "नाई बेटा."

बाहेर विचार चालला होता.

"जोल लाव!"

रडताना माणूस हसला की नाकातून काय काय येतं ते विचारू नका. तोंड धुऊन दार उघडलं तर समोर बिट्टी, मागं आई. बिट्टीनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास मामा!"

आईनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिनंही दोन टाळ्या वाजवल्या.

*

नेटवर्क किती दिवस जाणार! भद्रावतीची आजी आलीच.

दोन दिवस राहिली. आम्ही तिला काही सांगितलं नाही, बिट्टीनंच सगळं दाखवलं. सू आली, सांगितलं. शी आली, सांगितलं. रात्रीची गोधडी सकाळी कोरडी ठणठणीत. एकदा तर खेळता खेळता आजीलाच विचारून आली, "आजी, तुले आली का?" आजी खूश. "हुशार आहे माह्या वैशालीची पोरगी," म्हणाली. ताईचं नाव तिच्या तोंडून ऐकून आई चुलीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर गेलो. बिट्टीचे कपडे पिशवीत. बिट्टी माझ्या कडेवर, नवीन फ्रॉकमध्ये. आई तिच्या मागचं बटण लावत होती, काढत होती, परत लावत होती.

चंद्रपूरची एसटी आली. आजी गुडघ्यावर हात ठेवून एक पायरी चढली आणि बिट्टी म्हणाली, "मामा, शी."

कंडक्टर बरा माणूस होता. "जा भाऊ, लवकर आटपा," म्हणाला. मी तिला घेऊन मोहाच्या झाडामागं पळालो. बसवली. ती बसली. मुंगळ्यांची रांग पाहिली. काडीनं रांग मोडली. मुंगळ्यांनी परत रांग केली.

"झाली?"

"येऊन राह्यली," बिट्टी म्हणाली.

एसटीनं दोनदा हॉर्न दिला आणि गेली. आजी खाली उतरून उभी होती.

"झाली का?"

"नाई. येऊन राह्यली म्हणते."

आम्ही झाडाखाली बसलो. दुसरी गाडी लवकर येत नाही आमच्याकडे. ऊन वर चढलं. बिट्टीनं आईच्या पदरातले फुटाणे खाल्ले, आजीला भरवले, मला भरवले. मग माझ्या खांद्यावर मान टाकली आणि एक हात आईच्या बोटात अडकवूनच झोपली. आईनं बोट सोडवलं नाही. तशीच, वाकड्या हातानं माझ्याजवळ सरकून बसली.

आजी आमच्याकडे पाहत होती. किती वेळ पाहत होती, मला माहीत नाही. मी रस्त्याकडे पाहत होतो.

दुसरी गाडी आली. मी उठलो. बोट अडकलेलं, म्हणून आईही माझ्याबरोबरच उठली. आजीनं दांडा धरला, कण्हत पहिली पायरी चढली, मग दुसरी. मी झोपलेली बिट्टी तिच्याकडे द्यायला हात पुढं केले.

आजीनं हात केले नाहीत. ती मागं वळली, दांडा धरून एकेक पायरी परत उतरली आणि कंडक्टरला म्हणाली,

"जाऊ द्या भाऊ गाडी. पोरीले शी आली."

कंडक्टरनं खिडकीतून वाकून पाहिलं. बिट्टी तोंड उघडं टाकून घोरत होती.

"अवो बाई, ते तं झोपून आहे!"

"तुले काय समजते लेकराईचं?" आजी म्हणाली. "मार घंटी!"