फळ्यांमधल्या फटी

अकोल्यात ते घर आलं की मी एसटीत खिडकीकडे पाठ करून बसतो.

घर एका वकिलाचं. समोरच्या भिंतीला त्यांना लाकूड हवं होतं, पण झाड तोडायचं नव्हतं आणि दरवर्षीचं पॉलिशही नको होतं. लाकडाचा भुसा आणि जुनं प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या मी दाखवल्या. वाळवी लागत नाही, पावसात सडत नाहीत. दरावरून आमची चांगलीच जुंपली. पण हे घर पाहून अकोटचा एक कापसाच्या जिनिंगचा मालक आपल्या बंगल्याचं काम मला देणार होता, म्हणून कधी नव्हे तो मी नमलो.

थंडीत काम लावलं. दोन फळ्यांची टोकं भेटतात तिथे पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली. वकीलसाहेब खाली उभे.

“एवढ्या फटी काहून ठेवल्या? माल वाचवून राहिले का?”

“उन्हाळ्यात फळ्या फुगतात जी. त्यायले जागा लागते.”

“फुगायले त्या काय पुऱ्या आहेत?”

माझं डोकं फिरलं. “मंग पुऱ्याच लावून घ्या! फटी राहतील, नाहीतर मी चाललो.”

ते आत निघून गेले. मला वाटलं, जिंकलो.

मी अमरावतीला परतल्यावर त्यांनी रंगाऱ्याकडून सगळ्या फटी पुट्टीने बुजवून घेतल्या. गृहप्रवेशाला पाहुण्यांनी भिंतीचं कौतुक केलं म्हणे. मे महिन्यात फळ्यांना पसरायला जागाच नव्हती. भिंतीने जागोजागी पोट काढलं, स्क्रू उखडले. वकिलांनी बोलावून चारचौघांत सुनावलं, “तुमचा मालच बोगस.” मी नखाने पुट्टी खरवडून दाखवली. ते म्हणाले, “चांगल्या मालाले हे चाललं असतं.”

मग अकोटहून फोन. “भाऊ, पाह्यलं ते घर. आमी टाइल्सच लावतो.” मी समजावायला लागलो आणि मध्येच थांबलो. कंटाळा आला होता.

वकिलांनी उतरवून मलाच न्यायला लावलेल्या फळ्या भंगारवाल्यानेही नाकारल्या. “लाकूड असतं तं जाळलं असतं, प्लास्टिक असतं तं इकलं असतं. याचं काय करू?” झाड वाचवणारा माल म्हणून मी जो गावोगाव विकत होतो, तो टाकायचा कुठे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

टेम्पोत घालून घरी आणल्या. वाकडी टोकं कापून माझ्याच पश्चिमेच्या भिंतीला लावल्या, फटी ठेवून. दोन उन्हाळे गेले, एक फळी हलली नाही. पण ते पाहायला अकोल्याहून कोण येणार?