उजव्या फुलाचा कौल

हे मी बायकोपाशीबी कधी काढलं न्हाई, राव. आज तुमच्यापाशी काढतोय — का, ते माझं मलाच कळंना.

माझा थोरला भाऊ, दादा. घाटघरच्या अंगाला मेंढरं राखायचा. त्याच्या स्वादुपिंडात खडे झालते. कळ उठली की गडी भुईवर लोळायचा. मी चार बुकं शिकलेलो, म्हणून दवाखाना माझ्याकडं. जुन्नरची एसटी, मंग पुणं, तिथली बाकडी, रिपोर्ट — वर्षानुवर्षं तेच.

शेवटी डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंड काढावंच लागंल. पण ते गेलं की इन्सुलिन संपलं, जन्माची शुगर. एक नवा इलाज व्हता — काढलेल्या पिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी येगळ्या करायच्या अन् त्याच्याच लिव्हरात सोडायच्या. रुजल्या तर शुगर टळंल, न्हाईतर निदान कमी राहील. पण ते लांब, परमुलखात. महिनोन् महिने तिथं राहायचं. सोबत कोण? मीच की!

दादा म्हणाला, "बिरोबाला कौल लाव. देव म्हणंल तसं करू."

आमच्यात अशीच रीत. देवाच्या दोन्ही अंगांना फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. मी एकटाच गेलो. कुणाला संगं का न्हेलं न्हाई? आता काय सांगू...

उजवं पडलं.

घरी येऊन मी डावं सांगितलं.

भ्यालो व्हतो म्हणू? तसं म्हणायला बरं वाटतं. पण मला कंटाळा आला व्हता, भाऊ. दादाचा, त्याच्या कण्हण्याचा, त्या बाकड्यांचा. लई कंटाळा.

पुण्यातच पिंड काढलं. कळा थांबल्या, शुगर आली. रोज सुया. तरी ती कधी चढायची, कधी एकदम उतरायची. मेंढरांमागं चालता चालता घामाघूम होऊन दादा खाली बसायचा. वहिनी त्याच्या खिशात गूळ घालायची. माझं तोंड उतरलेलं दिसलं की तोच म्हणायचा, "देवाच्या मनात न्हवतं रं. तू का जीव जाळतो?"

पेशी रुजल्या असत्याच, असं डॉक्टरबी म्हणाले न्हवते. पण जीव दादाचा व्हता. अन् ठरवलं मी.

एक दिवस रानातच शुगर उतरली. आमी पोचलो तवा दादा गेलता.

त्याच्या आदल्या दिवशी घरी पावणं आलते. त्यांना दादा सांगत व्हता, "ह्या भावानं माझं लई केलं." मी शेजारीच जेवत व्हतो. ऐकून घेतलं, अन् अजून एक भाकरी घेतली.