आय वॉज वेंट

माझ्या बायकोला माझ्या झाडून सगळ्या खोडी माहीत आहेत. ही एक सोडून. वडिलांनाही मी हे कधी सांगितलं नाही — आणि त्यांच्यासाठीच हे करतोय, असं तर मी स्वतःला समजावत होतो. मग आज तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला इंग्रजीचा मास्तर होतो. पोरं घरी मराठी बोलायची, शाळेत हिंदी, आणि हायर सेकंडरीला बुडायची ती इंग्रजीत. निबंध, अर्ज, पत्र — लिहायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे. माझ्या शिकवणीतली पोरं मात्र निघायची. ती करामत माझ्या लाल शाईची. मी वही अशी रंगवायचो की पोरं म्हणायची, सरांनी वहीवर कोंबडं कापलं.

सगळ्यांत चिवट चूक एकच. आमच्याकडे माणूस 'गेलो होतो' म्हणत नाही, 'गेलतो' म्हणतो. पोरं त्याचं सरळ इंग्रजी करायची — आय वॉज वेंट. होतो म्हणजे वॉज, गेलो म्हणजे वेंट. हिशेब चोख, इंग्रजी ठार! आय वॉज वेंट, आय वॉज सॉ, आय वॉज एट. ही चूक मी प्रत्येक पोराच्या हातातून मुळासकट उपटून काढायचो. एका पोराची सोडून.

थांबा. त्याआधीचं सांगायला हवं. निमित्त म्हणून नाही — डूख कुठून आला ते कळावं म्हणून.

माझे वडील, किसन, बालाघाटजवळच्या लालबर्ऱ्याला गणपतरावांच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव त्यांनी नदीत सोडले. तेव्हापासून ते मान वर करून चालायला लागले. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. वडिलांची पाठ धरली होती, म्हणून त्यांना हलकं काम मिळावं असा अर्ज मी गणपतरावांना लिहिला. इंग्रजीत! मराठीत लिहिला असता तर काय बिघडलं असतं? पण मला दाखवायचं होतं ना. खाली पुस्तकात असतं तसं लिहिलं — युअर ओबीडियंट सर्व्हंट.

गणपतरावांनी तो अर्ज वजनकाट्यापाशी, सगळ्या हमालांसमोर मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "काय रे किसन, सर्व्हंट म्हंजे काय, माहीत हाय काय तुले? नोकर! धरम बदलला, पोरगा मॅट्रिक झाला, अन् लिवलं काय? सर्व्हंट. हे तं साऱ्या लालबर्ऱ्याले माहीत हाय, लिवायची काय गरज होती?"

सगळे हसले. माझा बापही हसला — मान खाली घालून, पोटासाठी हसतात तसा. मला गणपतरावांचं हसणं सोसवलं असतं. बापाचं नाही सोसवलं.

वर्षं गेली. मी मास्तर झालो, नाव झालं. आणि एक दिवस गणपतराव माझ्या दारात. सोबत धाकटा मुलगा, वसंता. "मास्तर, पोराले जबलपूरले शेतकीच्या कॉलेजात जायचं हाय. तेवढं इंग्रजी पाहा." मला 'तुम्ही' म्हणत होते. ते तो अर्ज साफ विसरले होते. मला तर तो काटा, ते हसू, सगळं पाठ होतं. माणूस असं विसरू कसं शकतो? त्या क्षणी मी ठरवलं.

काय केलं? काहीच केलं नाही. तेच तर केलं. शाळेतही वसंताचं इंग्रजी माझ्याकडे, शिकवणीतही माझ्याकडे. त्याच्या वहीवर मी लाल शाई उघडलीच नाही. आय वॉज वेंट टू माय अंकल्स व्हिलेज — खाली निळ्या शाईत 'गुड'. आय वॉज सॉ अ टायगर — 'व्हेरी गुड'. शेजारच्या पोरांच्या वह्या रक्तबंबाळ, आणि याची वही धुतल्या तांदळासारखी. तो हरखून जायचा. पोरं त्याचा हेवा करायची. प्रत्येक 'गुड' लिहिताना मला आतून गार वाटायचं — हे तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर या सांगण्याला अर्थ नाही.

आणि पोरगा कसा होता म्हणाल? बापासारखा असता तर बरं झालं असतं. बाप माझ्या ओट्यावरही बसला नव्हता. वसंता सरळ आत जाऊन माझ्या आईच्या हातचं पाणी मागून प्यायचा. ते मी पाहत होतो. पाहूनही पुन्हा 'गुड' लिहीत होतो.

तो इंग्रजीत नापास झाला. पुरवणी परीक्षेतही झाला. गणपतराव आले, तेव्हा मी म्हणालो, बोर्डाचं काही सांगता येत नाही. त्यांची मान खाली गेलेली पाहिली आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. जबलपूर राहिलं. पुढे मिल थोरल्या भावाकडे गेली, वसंता भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत मजुरांची हजेरी मांडायला लागला.

एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिलो असतो.

बऱ्याच वर्षांनी वसंता सायकलवर पुढे लेकीला बसवून माझ्याकडे आला. केस पिकायला लागले होते. "सर, हिले मी घरीच इंग्रजी शिकवून राह्यलो. तुमच्या 'गुड'वाल्या वह्या पाहू पाहू." पोरीनं वही पुढे केली. पहिलीच ओळ — आय वॉज वेंट टू उकवा विथ माय फादर.

मी लाल पेन उघडलं आणि ती ओळ कापली.

वसंतानं कापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "हे चुकलं काय, सर? माह्या वहीत तं तुमी..."

तेव्हा सांगता आलं असतं. गणपतराव आता हयात नव्हते, माझे वडीलही नव्हते, अर्ज ज्यांच्यासमोर वाचला त्यांतलं कोणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "तेव्हा तसं चालायचं."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हौ," तो म्हणाला, "इंग्रजी बदलली असन." मग लेकीकडे वळून, "पाय बाई, सर सांगते तसंच लिव. मी सांगलेलं इसरून जाय."

जाताना तो वाकला. गणपतरावांचा मुलगा, किसन हमालाच्या मुलाच्या पायाशी.

मी पाय मागे घेतले नाहीत.