गरम पेटीवरचे ओले साचे

सगळी गल्ली त्याला बत्तीशी म्हणायची, पण त्याची स्वतःची बत्तीशी फारशी कुणी पाहिली नव्हती. धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढल्या की त्यात एकेक दात रोवायचा. हिरड्यांचं काम बायकोकडं. तिचा हात असा की कवळी टेबलावर ठेवली तरी आता बोलेल असं वाटावं.

"कवळी बोलेल, पण नवरा बोलणार नाही," शेजारचा चष्मेवाला म्हणायचा. "जगाची तोंडं भरतो आणि आपलं शिवून ठेवतो."

दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत लांब टेबल, घासायचं यंत्र, हवेचा कॉम्प्रेसर, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. कोपऱ्यात, खिडकीखाली, एक जुना कॉम्प्युटर. डॉक्टरांनी पाठवलेले दातांच्या रंगाचे फोटो बघायला घेतलेला. बाकी वेळ तो नुसता घुमत बसलेला असायचा.

नुसता घुमत, असं लोकांना वाटायचं. लेकीनं कॉलेजात असताना त्याला एक काम लावून दिलं होतं.

"पृथ्वीच्या आसपास फिरणारे दगड असतात ना बाबा, त्यांच्या वाटा मोजतात," तिनं सांगितलं होतं. "हिशोब एवढा मोठा की एका जागी उरकत नाही. मग त्याचे तुकडे करून जगभर घरोघरी वाटतात. ज्याचं मशीन रिकामं, त्यानं एक तुकडा सोडवून परत पाठवायचा. फुकट. हौसेनं."

"आणि कुणी चुकीचं सोडवलं तर?"

"तोच तुकडा दोन घरांना देतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं. नाही जुळली तर तिसऱ्याला विचारतात."

हे त्याला फार पटलं. वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघितल्याशिवाय त्यानंही कधी कवळी बाहेर पाठवली नव्हती. आभाळातल्या दगडांचं त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण काम करणाऱ्यांची रीत आपल्यासारखी आहे, म्हणजे माणसं बरी असणार, एवढं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

या कामात लोक आपापले संघ करतात. लेकीनं दोघांचा संघ केला, एक तिचं मशीन आणि एक दुकानाचं. नाव ठेवलं अक्कलदाढ.

मग बिनसलं. लेकीचा हात चांगला होता, सुट्टीत तिनं केलेल्या कवळ्या डॉक्टर नाव विचारून मागायचे. यानं एकेका डॉक्टरला सांगून टाकलं, पुढं दुकान तीच बघणार. सगळ्यांना सांगितलं, फक्त तिला विचारायचं राहिलं. तिनं दूरच्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाटल्या हलवायला चाललीस?"

"तुम्ही दात घासता, मी बाटल्या हलवीन."

"मग हलव. या दुकानाची वाट विसर."

ती मुळात त्याचीच लेक. विसरली. आईला फोन करायची, बापाचं नाव काढायची नाही. आई मुद्दाम आवाज मोठा ठेवायची. हा मुद्दाम घासायचं यंत्र चालू करायचा. पण ते चालू केलं की त्यालाही ऐकू यायचं नाही, म्हणून हळूच बंद करून नुसता हातात धरलेल्या साच्यावरून अंगठा फिरवत बसायचा.

त्याच्याकडं एक गोष्ट मात्र होती. रोज सकाळी दुकान उघडलं की तो कॉम्प्युटरवर संघाचं पान उघडायचा. तिथं दोन ओळी असायच्या, कुणाच्या मशीननं किती तुकडे सोडवले त्याच्या. तिच्या ओळीतला आकडा वाढलेला दिसला की समजायचं, लेकीचं मशीन चालू आहे, म्हणजे घरात वीज आहे, म्हणजे ती ठीक आहे. मग दिवस सुरू. तीही दुकानाची ओळ बघत असेल का, हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नाही.

त्या वर्षी ढगाळ, दमट दिवस लांबले. साचे वाळेनात. ओल्या साच्यावर मेण धरत नाही, डॉक्टरांचे फोन सुरू झाले. एका दुपारी कोपऱ्यात वाकताना त्याचा हात कॉम्प्युटरच्या पेटीवर टेकला. पेटी छान गरम! वरच्या जाळीतून ऊबदार वारा येत होता. त्यानं एक साचा त्या जाळीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत हाडासारखा कोरडा. आठवड्याभरात तिथं वरचे आणि खालचे जबडे ओळीनं मांडलेले दिसू लागले.

"दगडांचा शेक जबड्यांना," बायको म्हणाली. "चांगलं आहे. फुकटची भट्टी."

पुढं काही दिवसांनी दुकानातला फोन वाजला. यानं उचलला.

"बाबा, मी बोलतेय."

त्यानं फोन कानापासून जरा लांब धरला, बघितला आणि परत कानाला लावला.

"आईला देतो."

"आई नको. तुमचं मशीन चुकतंय. गेले कित्येक दिवस एकही उत्तर जुळत नाहीये. सगळी बाद. मला वाटलं..." ती थांबली. "काय झालंय तिकडं?"

"काही नाही. घुमतंय की."

"तापतंय का? त्याची हवा अडेल असं काही ठेवलंय का वरती?"

त्यानं कोपऱ्यात बघितलं. जाळीवरून पाच-सहा जबडे त्याच्याकडं बघत होते.

"साचे आहेत," तो म्हणाला. "वाळायला."

 पलीकडून नाकातून निघालेला एक आवाज. हसू होतं की संताप, त्याला कळलं नाही.

"ओले? प्लास्टरचे? अहो बाबा! हवा कोंडून तापलं की ते हिशोबात चुका करतं. वर भुकटी आत गेली असणार ती वेगळीच. आधी बंद करा. वायर काढा. पेटी उघडा."

मग अर्धी दुपार ती सांगत गेली आणि हा करत गेला. आतला पंखा पांढऱ्या भुकटीनं माखून गोळा झाला होता. "कॉम्प्रेसरची हवा मारा, पण नळीतलं पाणी आधी बाहेर सोडा. पंखा बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका. हळू. मेण फुंकता तसं." बायको टॉर्च धरून उभी होती. एवढं बोलणं या दोघांत दोन वर्षांत झालं नव्हतं, म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

मशीन परत सुरू झालं. नवा तुकडा आला.

"झालं," लेक म्हणाली. "आता जुळतील. ठेवते."

"हं," तो म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्या 'हं'बद्दल स्वतःवर दातओठ खात बसला.

उत्तरं जुळायला लागली, एकूण एक. तो रोज पान उघडून बघायचा, एकही बाद नाही. आणि फोनही नाही. मशीन बरं झालं आणि बोलणं पुन्हा आजारी पडलं. आईशी बोलताना लेकीनं एवढंच विचारलं, "मशीन बरंय ना?" आई म्हणाली, "बरंय." विषय संपला.

एका दुपारी बायको पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत होती. यानं ताजा साचा काढला. ठिबकत होता. तो कोपऱ्यात गेला, इकडंतिकडं बघितलं आणि साचा जाळीवर ठेवला. शेजारी दुसरा ठेवला. मग एक फडकं, हवा पुरती कोंडावी म्हणून.

टेबलाशी परत आला, पण हात चालेना. कुठल्या तरी अनोळखी घरातलं मशीन या घटकेला तोच तुकडा इमानेइतबारे सोडवत असेल. त्याचं उत्तर बरोबर येईल, याचं चुकेल, मग तिसऱ्या घराला कामाला लावतील. जन्मात त्यानं वर-खाली न जुळणारा खोटा चावा बाहेर पाठवला नव्हता. दुखेल ते परक्याच्या तोंडाला, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो दारात उभं करत नसे. आणि आता?

"अहो."

बायको दारात होती. तिची नजर फडक्यावर.

"थंडी वाजतेय का त्याला?"

त्यानं टेबलावरची भुकटी हातानं एका बाजूला सारली.

"ढग कधीच गेले. अंगणात ऊन पडलंय ढीगभर आणि साचे इथं?" ती जवळ आली. तिला कळायला वेळ लागला नाही. कमरेवर गेलेले हात खाली आले. "ती फोन करील म्हणून?"

"चुकलं तरच करते ती," तो साच्यांना सांगावं तसं म्हणाला.

"मग चुकलायत की तुम्ही. ते सांगा. त्या बिचाऱ्या पेटीला कशाला खोटं पाडता?" तिनं फडकं ओढलं, साचे उचलले आणि अंगणाकडं जाता जाता म्हणाली, "फोनला आपल्या बाजूनंही आकडे आहेत."

त्यानं हात पुसून फोन उचलला. मग लावला. पलीकडं घंटा वाजत होती तोवर त्यानं दोनदा ठेवून द्यायचा विचार केला.

"बाबा? परत बिघडलं का?"

"नाही. नीट आहे." त्यानं कोपऱ्यातल्या पेटीकडं बघितलं. "मीच आज साचे ठेवले होते वर. जाणूनबुजून. आईनं काढले."

"का?"

"तू फोन करशील म्हणून."

 तिच्या मागं कुठंतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"बाबा, दुसऱ्या कुणाचं तरी मशीन फुकट राबलं असतं."

"तेच. ते लागलं मनाला." तो थांबला. हिरडीत रोवलेला दात उपटून काढावा तसा पुढचा शब्द काढला. "तुला न विचारता सगळ्यांना सांगत सुटलो होतो, दुकान तू बघणार म्हणून. ते माझं चुकलं. वाट विसर म्हणालो, तेही."

"हे सांगायला दोन वर्षं?"

"मी सावकाश काम करतो."

ती हसली. या वेळी हसूच होतं, शंका नव्हती. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती दटावल्यासारखं म्हणाली, "मी पण काही कमी नाही. आईला तुमच्याबद्दल रोज विचारावंसं वाटायचं, पण विचारायची नाही."

 फोन ठेवायची वेळ झाली असं वाटायला लागलं, तशी त्यानं घाईनं पायानं स्टूल ओढलं.

"तू तिथं नेमकं काय करतेस गं? पाण्यात बघता काय?"

"खरंच सांगू?"

"मग काय खोटं?"

ती सांगायला लागली. कुठल्या विहिरीचं पाणी कसं आणायचं, बाटली आधी का उकळायची, त्यात काय टाकलं की कुठला रंग येतो. निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं. पण आज त्यानं "हं" म्हटलं नाही. जिथं कळलं नाही तिथं तिला थांबवून तो विचारत गेला, आणि ती पहिल्यापासून सांगत गेली.