सान्सेर, सात बकऱ्या आणि माझा डेंग्यू

मला आजवर डेंग्यू झालेला नाही, हे मी इथे पहिल्यांदाच लेखी कबूल करतो. शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत हे आजही कुणी मानत नाही.

दोष माझ्या व्याह्यांचा. पुण्याचे अण्णासाहेब फ्रान्स फिरून आले आणि त्यांनी आमच्या लेकीबरोबर सान्सेर नावाच्या पांढऱ्या वाईनची बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी: 'पुढच्या रविवारी ग्वाल्हेरला येतोय, तेव्हाच उघडू. बरोबर खायला काय ठेवायचं ते तुम्हाला माहीत असेलच.'

ते 'असेलच' मला झोंबलं. (लेकीच्या लग्नात मी वाईनवर पाऊण तास बोललो होतो, हे खरं. पण लग्नातलं बोलणं माणसाने इतकं लक्षात ठेवायचं असतं का?)

मोबाइलवर शोधलं. सान्सेरबरोबर म्हणे कालवं उत्तम. कालवं! ग्वाल्हेरात! आमच्याकडे समुद्र फक्त नकाशात असतो. ती नसतील तर बकरीच्या दुधाचं चीज.

"पनीर ठेवा की," आमची सुलभा म्हणाली.

"अगं, हे ऐकून फ्रेंच माणूस बेशुद्ध पडेल."

"येणार अण्णासाहेब आहेत ना? त्यांना कचौडी पण चालते."

अशा संसारात राहून मी थाटीपुरला रामकलीकडे गेलो. तिच्या सात बकऱ्या. पण दिवस डेंग्यूचे, आणि आमच्या शहरात डेंग्यू म्हटला की लोक आधी बकरीचं दूध शोधतात, मग डॉक्टर.

"मरीज कौन है?" रामकलीने विचारलं. "बिना मरीज के नहीं दूँगी."

आता हिला सान्सेर कशी समजावणार?

"मैं," मी म्हणालो आणि खोकलो. (डेंग्यूत खोकतात की नाही, मला माहीत नव्हतं.)

"तो घूम काहे रहे हो?"

"घर में कोई सुनता नहीं."

एवढं मात्र खरं होतं. तिने हळहळत दोन लिटर दूध दिलं. मी ते लिंबू पिळून फाडलं, पंच्यात बांधून नळाला टांगलं. दोन दिवस घरात आठवी बकरी असल्यासारखा वास होता.

"पनीरच झालं ना शेवटी?" सुलभाने विचारलं.

रविवारी संध्याकाळी बाटली गार, चीज कापलेलं, मी इस्त्रीच्या कुडत्यात. घंटी वाजली. दारात रामकली, हातात दुधाची किटली! गल्लीभर 'डेंग्यूवाले साहब' कुठे राहतात ते विचारत आली होती. म्हणून तिच्यामागे शेजारच्या दुबे भाभी, हातात पपईच्या पानांचा हिरवागार रस.

"भाईसाहब, आपने बताया तक नहीं. लेटिए पहले."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रामकली म्हणाली, "दूसरे मरीजों से बचाके लाई हूँ आपके लिए."

मी तोंड मिटलं आणि दिवाणावर आडवा झालो. त्याच क्षणी अण्णासाहेब आले.

"डेंग्यू? अरेरे, मग तुम्हाला वाईन वर्ज्य," असं कळवळून म्हणत त्यांनी बाटली उघडली.

मी सुलभाकडे पाहिलं. तिचं एक वाक्य मला वाचवू शकलं असतं. तिने चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "यांना डॉक्टरांनी बोलायचं पण नाही सांगितलंय."

अण्णासाहेबांनी चीजचा तुकडा खाल्ला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"सान्सेरबरोबर बकरीचं चीज! विहीणबाई, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सहजच," सुलभा लाजून म्हणाली. बाटली संपेपर्यंत ती लाजत होती. मी तोवर रामकलीच्या पहाऱ्यात दोन पेले कडूजहर रस संपवला.

तेव्हापासून सान्सेरबद्दल कुणी विचारलं की मी सुलभाकडे बोट दाखवतो. पपईच्या पानांच्या रसाबरोबर काय ठेवायचं, ते मात्र मला विचारा.

बादली.