सुभेदारांनी खोड विचारली तेव्हा

मी शाळेत गणित शिकवते आणि घरातलं काही बिघडलं की आधी स्वतः उघडून बघते. मिक्सर, इस्त्री, नळाची तोटी, काहीही. नवरा म्हणतो, हिच्या हातात पाना दिला की हिला जेवणाचंही भान राहत नाही. खरंय ते. या गोष्टीचा मला लय ताठा होता, आणि पुढं जे झालं ते त्या ताठ्यातूनच झालं, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या कराडच्या घरात एक जुना कॉम्प्युटर होता. मुलगी नोकरीला बाहेर गेल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. विकायचं ठरवलं, तर तो सुरूच होईना. मग मी पदर खोचला. बाजूचा पत्रा काढला, आत मूठभर धूळ. ती ब्रशनं झाडली. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची पिवळी टोकं रबरानं घासली, आतला छोटा सेल बदलला. सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत बंद पडला. पुन्हा सगळं उपसलं. शेवटी पॉवर सप्लायचा डबा बदलला तेव्हा कुठं दिवसभर टिकला. दोन रविवार त्यात गेले, पण मी स्वतःवर जाम खूश होते.

एकच गोष्ट राहिली. सकाळी थंड असताना बटण दाबलं की हार्ड डिस्कमधून कट-कट असा आवाज यायचा. कधी चार-चार वेळा बटण दाबावं लागायचं. एकदा तापला की मात्र निमूट चालायचा. स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं तपासून सरळ सांगितलं की डिस्क मरायला टेकलीय, आज जाईल नाहीतर वर्षानं, जपून ठेवायचं काही यात ठेवू नका, नवी टाका. मला त्याचाच राग आला. जी वस्तू घरातून घालवायची, तिच्यात नवी डिस्क कशाला घालायची? घेणाऱ्याचं नशीब, असं मी मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं.

ओळखीतून एक गिऱ्हाईक आलं. कुंडलचे, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. ते दहाला येणार होते, म्हणून मी सकाळी सहालाच कॉम्प्युटर सुरू करून ठेवला. पाच वेळा बटण दाबावं लागलं. ते आले तोवर तो चांगला तापलेला होता, अगदी गप.

आमच्या भागात जनावर विकताना घेणारा खोड विचारतो. मारकं आहे का, औताला बसतं का. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून खरं ते सांगायचं. माझं माहेर कडेगावचं. वडील बैल विकताना त्याची बारीकसारीक खोडसुद्धा सांगायचे आणि गिऱ्हाईक माघारी गेलं तरी त्यांना वाईट वाटायचं नाही. सुभेदारांनी कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली आणि हसले.

"मला यातलं काय बी कळत न्हाई, बाई. तुमी हात ठिवा आन् खोड सांगा."

चेष्टाच होती ती, पण निम्मी. मीही हसले. पत्र्यावर हात ठेवला, आतून गरम लागत होता. काही खोड नाही, असं मी म्हणाले. लगेच चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले, कारण तोंड लपवायचं होतं.

चहा पिताना त्यांनी कशाला हवाय ते सांगितलं. त्यांच्याबरोबर भरती झालेली आणि परत न आलेली पोरं होती. त्यांची गावं, त्यांच्या खोड्या, शेवटचं काय बोलले, हे सगळं लिहून ठेवायचं होतं. हात कापतो म्हणून पेन धरवत नव्हतं. एका बोटानं टाइप करीन म्हणाले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज इतका ओशाळा की मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. म्हणाले, तुमची चांगली मशीन आमच्या घरात बिघडली, सकाळी चार-चारदा बटण दाबावं लागायचं ते मला माझ्याच हाताचं चुकतंय वाटायचं, पण सूनबाईनं कसला तरी फॉर्म भरला आणि तेव्हापासून नुसती कट-कट करती. महिना झाला. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं.

रविवारी एसटीनं कुंडलला गेले. सुनेनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि वर न बघता आत निघून गेली. कॉम्प्युटरवर स्वच्छ टॉवेल घातलेला होता. मी पत्रा उघडला, वायरी काढून पुन्हा बसवल्या, तासभर खटपट केली. डिस्क पुरती गेली होती, हे मला पहिल्याच आवाजाला कळलं होतं. छापून घेतलं होतं का, विचारलं. सगळं पुरं झाल्यावर छापणार होते. शंभराच्या वर पानं झाली होती.

"आता पुन्यांदा न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "एकदा आठवतानाच लय जड गेलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाईला मी नगं नगं ते बोललो, बाई. म्हणलं, माझ्या पोरांना तू दुसऱ्यांदा मारलंस. तवापासनं आमचं बोलणं न्हाई."

वीज कमी-जास्त झाली असेल, एवढं म्हटलं असतं तरी मी सुटले असते, सूनही सुटली असती. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि मला ते म्हणवेना. मी सांगितलं. डिस्क आधीपासून खराब होती, मला ठाऊक होतं, दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, तरी मी तुमच्याशी खोटं बोलले.

सुभेदार शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला नगा सांगू," ते म्हणाले. "तिला सांगा."

त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं. ती ओल्या हातानंच आली, दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी पुन्हा सगळं सांगितलं. वर्गात फळ्यापुढं तीस वर्षं उभी राहिलेली मी, तिच्यापुढं मला वाक्य पुरं करता येईना.

ती रागावली नाही. सासऱ्यांकडंही बघितलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "मी म्हैनाभर रोज आठवतीया, मी कुठलं बटण दाबलं हुतं."